उंबऱ्याबाहेरची टोपली

"म्हणजे ती शांती माझी नव्हेच, असंच ना आक्का?"

विश्वंभर वकिलांनी हा प्रश्न अंगणातूनच टाकला. वकील माणूस. नमस्कार मागाहून, मुद्दा आधी.

तुंगाक्का ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"कुठली शांती?"

"गोळीची."

"बस की आधी. उभ्यानं काय शांती विचारतोस?"

वकील बसले. बसताना त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. हात थरथरत होते आणि ते कुणाला दिसू नयेत असं त्यांना फार वाटत होतं.

आजऱ्याच्या अलीकडं नदीकाठी काजूच्या झाडांत आक्काचा मठ. मठ म्हणजे तरी काय, दोन कौलारू खोल्या, तिच्या गुरूंची समाधी आणि आक्का. गुरूंनी घालून दिलेली एक रीत मात्र तिनं मोडू दिली नव्हती. उंबऱ्याबाहेर एक वेताची टोपली असे. जे आपलं नाही ते तीत ठेवायचं आणि मगच आत यायचं. लोक मोबाइल ठेवत, घड्याळ ठेवत, एखादी बाई बांगड्या काढून ठेवी. जाताना ज्याचं तो उचलून नेई.

वकील परवाच मुक्कामाला आले होते. उद्या पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेला आक्का त्यांना अनुग्रह देणार होती. त्या होकारासाठी त्यांनी किती खेपा घातल्या होत्या ते त्यांच्या गाडीला ठाऊक. आल्याबरोबर त्यांनी टोपलीत मोबाइल ठेवला, घड्याळ ठेवलं, आणि जरा थांबून खिशातली गोळ्यांची पट्टीसुद्धा ठेवली. ठेवताना कुणी बघतंय का ते पाहिलं. कुणी बघितलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

ती गोळी ते मुलगी बालवाडीत होती तेव्हापासून घेत होते. आता मुलगी कॉलेजात. सकाळच्या चहाआधी एक गोळी, की दिवस सुरळीत. ही गोष्ट बायकोला ठाऊक आणि गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंना. कोर्टात कुणाला पत्ता नव्हता. तिथं विश्वंभर नलवडे वकील म्हणजे घट्ट काळजाचा माणूस. तालुक्यातल्या निम्म्या भावकीच्या वाटण्या त्यांनीच करून दिलेल्या. कुठलं परसदार थोरल्याचं आणि आंब्याची कुठली फांदी धाकट्याच्या हद्दीत, हे ते झोपेतही सांगतील.

झोप मात्र परवापासून आली नव्हती. डोक्यात मधूनच वीज चमकल्यासारखं होई. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली की हे तप आहे, आपण शुद्ध होतोय. आज सकाळी नदीवर तांब्या बुडवताना छाती अशी आवळली की ते तिथंच घाटाच्या पायरीवर बसले. जुनी भीती परत आली होती, अगदी होती तशी. आणि तिच्या पाठोपाठ हा प्रश्न.

"कसली गोळी रे?" आक्कानं विचारलं.

"भीतीची."

"भीतीची गोळी मिळते?"

"भीती जायची, आक्का."

"असं होय!" आक्का सूप खाली ठेवून पुढं सरकली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "गोड असते?"

"नाही... तशी कडूच."

"मग खाल्ल्यावर काय होतं? सांग की."

वकील गोंधळले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बायको विचारायची ती घेतलीत का, आणि डॉक्टरीणबाई विचारायच्या झोप येते का.

"काही होत नाही खरं तर," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे... आत एक गलका असतो सारखा. बाजारात असतो तसा. तो कमी होतो. मग समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येतं. माझं मलाही ऐकू येतं."

"आणि मग कोर्टात बोलतं कोण?"

"मी."

"गोळी नाही बोलत?"

"गोळी कशी बोलेल?"

"मला काय ठाऊक. सनद तुझ्या नावची आहे का तिच्या, ते विचारते."

वकिलांना हसू आलं. मग ते गंभीर झाले.

"थट्टा नको, आक्का. उद्या तुम्ही मला अनुग्रह देणार. आज गोळी नाही, तर मी हा असा आहे. बघा." त्यांनी मांडीखालचे हात काढून तिच्यापुढं धरले. बोटं थरथरत होती. "मग इतकी वर्षं जो शांत बसत होता, तुमच्यापुढं ध्यानाला बसत होता, तो कोण होता? मी तुम्हाला फसवलं की काय?"

आक्कानं ती बोटं आपल्या हातात धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"गोळी कधी सोडलीस?"

"परवा. टोपलीत ठेवली."

"कुठं?"

"टोपलीत. तुमच्या रीतीप्रमाणं. जे आपलं नाही ते..."

आक्कानं कपाळावर हात मारून घेतला.

"डॉक्टरीणबाईला विचारलंस?"

"त्या म्हणायच्या, एकदम सोडू नका. सोडायचीच झाली तर हळूहळू, माझ्या नजरेखाली."

"म्हणजे विचारलंस."

"मागं कधी तरी. या वेळी... नाही विचारलं."

"उलटी साक्ष देईल म्हणून बोलावलंच नाहीस तिला."

ही युक्ती वकिलांनी कोर्टात कितीदा तरी वापरली होती.

"मागं एक गुरुजी आले होते," आक्का म्हणाली. "मोठे विरक्त. टोपलीत कवळी ठेवून आत आले. आपले दात नव्हेत ना ते. मी पानात भाकरी वाढली, तर भाकरीकडं बघत बसले. मी म्हटलं, जेवा. ते म्हणाले, जेवलो असतो, पण दात बाहेर आहेत."

वकील खो खो हसले. हसता हसता थांबले.

"पण कवळीचं वेगळं," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात कोर्टातली धार आली. "दात तोंडात असतात. शांती मनात असते. मन म्हणजेच मी. तिथं बाहेरून आणलेली वस्तू ठेवली, तर ती माझी कशी म्हणायची? ताब्यात आहे एवढ्यावरून मालकी ठरत नाही, आक्का."

"बरोबर आहे," आक्का म्हणाली.

वकिलांना ही अपेक्षा नव्हती.

"बरोबर?"

"मला कायद्यातलं काय कळतं. तू म्हणतोस तर असेल. जा, टोपली आण."

वकील उठले. उंबऱ्याबाहेर जाऊन टोपली घेऊन आले. आक्कानं एकेक वस्तू काढून ओसरीवर मांडली.

"हा मोबाइल. तुझा?"

"माझा. म्हणजे... तसा नाही."

"घड्याळ?"

"तेही नाही."

"ही पट्टी?"

"नाही."

आक्कानं टोपली उलटी करून झटकली. थोडा कचरा पडला. तिनं आत डोकावून पाहिलं, तळाशी हात फिरवला.

"काय बघताय?"

"भीती बघते. ठेवली होतीस ना?"

"भीती?"

"होय. ती दिसत नाही कुठं."

वकिलांनी टोपली ओढून घेऊन स्वतः तळाशी पाहिलं. काजूच्या झाडात एक कोतवाल पक्षी ओरडत होता.

"नाही ठेवली," शेवटी ते म्हणाले.

"का रे?"

"ती... ती कशी ठेवणार? ती माझीच आहे."

"कशावरून?"

"लहानपणापासूनची आहे. वडिलांना होती. त्यांच्या वडिलांनाही होती म्हणतात. आजोबा नदी ओलांडायची म्हटलं की घामानं भिजायचे." वकिलांच्या तोंडात सवयीनं नेमका शब्द आलाच. "वडिलोपार्जित आहे, आक्का."

"म्हणजे त्यांनी तुला आणून दिली."

"हो."

"बाहेरून."

वकील रिकाम्या टोपलीकडं बघू लागले.

आक्का उठून आत गेली. तांब्याभर पाणी घेऊन आली. पट्टी उचलून तिनं उलटसुलट पाहिली, उन्हात धरून पाहिली, आणि एक गोळी काढून वकिलांच्या तळहातावर ठेवली. गोळी त्यावर डुगडुगत होती. तिनं खालून आपला हात लावला.

"ही घे. मग गडहिंग्लजला फोन लाव, डॉक्टरीणबाईला सगळं सांग. सोडायची का धरायची ते तुम्ही दोघं बघा. त्यातलं मला कळत नाही."

"आणि उद्याचा अनुग्रह?"

"उद्या पौर्णिमा आहे ना? मग उद्याच."

"गोळी घेणाऱ्याला चालतो?"

आक्कानं तांब्या त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. सूप परत मांडीवर ओढलं. दोन खडे वेचून अंगणात टाकले.

वकील अजून तळहाताकडंच बघत होते.

"पण ती शांती, आक्का..." ते पुटपुटले. "ती मग कुणाची?"

आक्कानं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत अजूनही मघाचंच नवल होतं.

"बापानं दिलेली भीती तुझ्या नावावर, आणि डॉक्टरीणबाईनं दिलेली शांती गोळीच्या नावावर... एवढ्या जगाच्या वाटण्या करून दिल्यास विश्वंभरा, तुझी ही वाटणी कुणी केली रे?"