क्रूसाला बांधलेलं टोक

फार फार मागे, काटेनिंबला सडक नव्हती आणि टेकडीवर झाडंच झाडं होती, तेव्हाची ही गोष्ट. गावकुसाबाहेर मातीचं एक छोटं चर्च होतं. चर्चसमोर बाभळीच्या लाकडाचा क्रूस रोवलेला होता आणि क्रूसाशेजारच्या झोपडीत तबीथा राहायची.

तबीथा दोर वळायची. मोटेचा नाडा, बैलाचं दावं, पाळण्याची दोरी, गावातला एकूण एक दोर तिच्या हातून गेलेला. लोक तिचा दोर घरात घेत आणि तिला मात्र उंबऱ्याबाहेर उभं करत. ही गोष्ट सांगताना एवढं वाक्य गाळणारे बरेच आहेत. पण ते गाळलं तर पुढचं काही कळणारच नाही.

अंगाने ती ठेंगणी होती. चर्चच्या बुटक्या दारातून न वाकता आत जाणारी मोठ्या माणसांतली ती एकटीच. देवाशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. "प्रभू, गुडघा दुखतोय. तुला ठाऊक आहे, तरी सांगते." शमुवेल मास्तर रविवारी उपासना घेत आणि इतर दिवशी पोरांना शिकवत. ते म्हणायचे, "तबीथाबाई, देवाशी जरा अदबीनं." ती म्हणायची, "मास्तर, अदबीनं मागायला बसले तर मागायचं काय तेच विसरते मी."

मग तीन वर्षं पाऊस पडला नाही. ओढा आटला, गावची विहीर आटली, बैल एकामागून एक मेले. काटेनिंबची एक रीत होती. मेलेल्या बैलाचं दावं खुंटीवरून काढायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. गोठ्यात दुसरा बैल येईपर्यंत ते तसंच लोंबत ठेवायचं. त्या वर्षी घरोघरी नुसती दावी लोंबत होती.

प्यायला चार कोसांवरच्या डबक्यातलं पाणी यायचं, माणशी एक तांब्या. तेही गढूळ होत चाललं, तेव्हा रंगोजी पाटलांनी सांगितलं की येत्या रविवारी गाव उठवायचं. तीस कोसांवर नदीकाठी दुष्काळी काम निघालं होतं, तिकडे चालत जायचं.

तबीथाचा मुलगा आधीच त्या कामावर गेला होता. घरी त्याची बायको रूथ होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिला अंगणापर्यंतसुद्धा चालवत नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही जा गावाबरोबर," रूथ सासूला म्हणाली. "मी राहते मागे."

"राहा की. आणि बाळंतपण कोण करणार तुझं? मास्तर?"

रूथ हसली आणि हसता हसता रडायला लागली. तबीथाने तिचे डोळे पुसले, पदर झटकला आणि ती थेट पाटलांच्या वाड्यापुढे जाऊन उभी राहिली.

टेकडीमागे एक जुनी विहीर होती. तिच्यात दगड टाकला की एक अख्खी प्रार्थना म्हणून व्हायची, मग खालून आवाज यायचा, असं म्हणतात. तळाला पाणी होतं. पण तिथवर पोचेल एवढा दोर पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता.

"विहीर मोजून द्या पाटील," तबीथा म्हणाली. "मी दोर वळते."

"रविवारच्या आत? आणि एकटी?" पाटील म्हणाले. "दोर वळायला दोन माणसं लागतात ना गं? एकानं पीळ द्यायचा, एकानं टोक धरायचं. टोक धरणारा तुझा नवरा तर गेला."

"धरणारा आहे."

"कोण?"

"प्रभू."

ओसरीवरचे लोक हसले. पाटीलही हसले. "तुझा देव दोर वळतो होय?"

"वळत नाही, पाटील. धरतो."

पाटलांनी विहीर मोजायला आपला गडी धोंडू पाठवला. धोंडू म्हणजे ताडमाड माणूस. त्याने सुतळीला दगड बांधून खाली सोडला, पाणी लागल्यावर सुतळी वर ओढली आणि वावेने मोजली. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत होते ती एक वाव. सुतळी तीस वाव भरली. आता म्हातारे चाळीस सांगतात. त्यांचे नातू साठ सांगतील.

तबीथाच्या घरात केकताडाचा वाख, म्हणजे त्याच्या पानांचे धागे, साठवलेला होता. पण कोरडा वाख पीळ धरत नाही, त्याला पाण्याचा हात लागतो. पाणी तर माणशी एक तांब्या. रूथच्या तांब्याला तिने हात लावला नाही. आपला अर्धा तांब्या प्यायली, अर्धा वाखाला दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवसापासून तिने फक्त ओठ ओले केले, असं म्हणतात.

दोराचं एक टोक तिने क्रूसाला बांधलं. "हे तू धर," ती म्हणाली. "मी मागे मागे जाते." आणि पीळ देत ती उन्हात मागे सरकत गेली. पोरं बघायला जमायची, बाया लांबून बघायच्या. काहींनी टवाळी केली. आणि मग गुरुवारी टवाळी करणारेच गप्प झाले. कारण पीळ दोन्हीकडून चढत होता. तबीथाच्या हातातून तर चढत होताच, पण क्रूसाकडूनही दोर वळत वळत तिच्याकडे येत होता, पलीकडे कुणी बसून बोटांनी फिरवावा तसा. मास्तरांनी स्वतः क्रूसाजवळ जाऊन पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मास्तर चर्चमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत, असं म्हणतात.

शनिवारी दुपारी तीस वाव दोर तयार झाला. धोंडूने तो खांद्यावर घेतला, सगळं गाव मागून गेलं. दोराला पोहरा बांधला, विहिरीत सोडला. दोर जात राहिला, जात राहिला आणि संपला. पोहरा मधेच लोंबकळत राहिला. पाणी अजून खाली होतं.

कुणाला काही कळेना. मग तबीथाने धोंडूकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं, आणि आपले दोन्ही हात पसरून बघितले. विहीर मोजली होती ताडमाड धोंडूने. दोर मोजला होता ठेंगण्या तबीथाने. आकडा दोघांचा तीसच होता, वाव मात्र दोघांची वेगळी होती.

"चूक माझी," ती म्हणाली. "जन्मभर माझ्याच हातांनी मापत आले. दुसऱ्याचे हात लांब असतात हे ध्यानातच राहिलं नाही."

वाख संपला होता. उजाडलं की गाव उठणार होतं. तबीथा विहिरीच्या काठावर खाली बसली, आणि प्रार्थनाही न करता बसली. सहा दिवसांत पहिल्यांदाच तिला काही मागावंसं वाटलं नाही. लोक परत फिरू लागले.

तेवढ्यात ती आपल्याशीच बोलल्यासारखं बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तू सोडलं नाहीस टोक. माझंच कमी पडलं. आता माझ्या बाजूला कुणीतरी दे."

रंगोजी पाटील थांबले. घरी गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन दावी होती.

"पाटील, रीत आहे," कुणीतरी म्हणालं.

"रीत मला ठाऊक आहे. बैलही माझेच होते."

त्यांनी दावी तबीथापुढे ठेवली. ठेवली, टाकली नाहीत. मग एकेक जण घरी गेला. कुणी एक दावं आणलं, कुणी चार. आणताना काही बाप्ये रडत होते, असं म्हणतात. ती सगळी दावी तबीथानेच वळलेली होती, तिला एकेक ओळखू येत होतं. नुसत्या गाठी मारून भागणार नव्हतं, गाठ काठावरच्या दगडाला अडकली असती. पिळात पीळ घालून सांधायला हवं होतं आणि त्याला पुन्हा पाणी लागणार होतं. तबीथाचं मडकं कोरडं होतं.

तेव्हा बाया पुढे आल्या. प्रत्येकीने आपल्या घरच्या तांब्यातलं ओंजळभर पाणी त्या मडक्यात ओतलं. गावकुसाबाहेरच्या भांड्यात ओतलेलं पाणी त्या काळी परत घेत नसत. सगळ्यांना ते माहीत होतं. तरी ओतलं.

दिवस मावळायच्या आत दोर सांधून झाला. पोहरा पुन्हा सोडला. या वेळी खालून आवाज आला आणि दोर जड झाला. दोर ओढायला कोण कुठे उभं राहिलं, कोण कुणाला चिकटून उभं राहिलं, हे कुणी पाहिलं नाही. धोंडूच्या पुढे मास्तर होते, मास्तरांच्या पुढे पाटलीणबाई होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे तबीथा. पोहरा वर आला तो काठोकाठ भरून. पाणी इतकं गार होतं की धरणाऱ्यांचे हात बधिर झाले.

पोहरा पाटलांपुढे आला. मानाप्रमाणे पहिली ओंजळ त्यांची होती. पाटलांनी पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिच्या सुनेला न्या आधी. धोंडू, पळ."

धोंडू घागर घेऊन पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाव ज्या वेळी उठून जायचं होतं त्या वेळी, रूथ बाळंत झाली. मुलगी झाली. तो रविवार ईस्टरचा होता असं चर्चमधले लोक सांगतात. वरच्या आळीतले म्हणतात, तो साधाच रविवार होता, मास्तरांनी नंतर जुळवून घेतलं. दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे. त्या दिवशी गाव उठलं नाही. पाऊस पडेपर्यंत त्या विहिरीने सगळ्यांना पाजलं. दोर तुटला नाही आणि सांधा सुटला नाही.

तबीथा पुढे पुष्कळ वर्षं जगली. दोर वळताना दुसरं टोक धरायला आता कुणी ना कुणी यायचं, तरी ती पहिल्यांदा क्रूसाकडे बघून विचारायची, "चालेल ना तुला?" आणि मग त्या माणसाच्या हातात टोक द्यायची, असं म्हणतात.

आता काटेनिंबला नळ आहेत. तरी अजून गावात कुठल्याही घरात बाईचे दिवस भरले की दारी पाणी येतं. प्रत्येक घरातून एक तांब्या. वरच्या आळीतून खालच्या आळीत, खालच्या आळीतून वरच्या. बाई देवळात जाणारी असो, चर्चमध्ये जाणारी असो. त्याला तबीथाचं पाणी म्हणतात, आणि बाळाची पहिली आंघोळ त्याच पाण्याने होते.

गेल्या उन्हाळ्यात नव्याने लग्न होऊन आलेली एक सून हातात तांब्या घेऊन उंबऱ्यात अडखळली. "कोणाचं घर आहे ते?" तिने सासूला विचारलं.

सासू भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"पाणी पोचव आधी," ती म्हणाली. "घर कुणाचं ते परत आल्यावर विचार."