कोरडा दगड फुटला नाही

गारवाडीला सटवाजी महाराज म्हसोबाच्या देवळात उतरले होते. गाव गारगोटी फोडून जगणारे. घण पडला की पिठासारखी धूळ उडे आणि माणसांच्या छातीत जाऊन बसे. ऐन तारुण्यात माणसे धापा टाकत मरून जात.

दुर्गव्वाचा नवरा हणमंता असाच खाटेला खिळला होता. ती त्याच्या जागी कामाला लागली, पण घाव घालण्याआधी दगडावर घागर ओती. ओल्या दगडाची धूळ उडत नसे.

खाणीचा ठेकेदार मल्हारराव खदाखदा हसला. “अगं, दगडाला अंघोळ घालतेस की काय? काम खोळंबतं! गूळ खा, धूळ आपोआप उतरते.”

“माझा धनी रोज गूळ खात होता, मालक. कोरडा दगड मी फोडणार न्हाई.”

“मग चालती हो!”

दुर्गव्वा तडक देवळात आली. “महाराज, धन्याला बरं करा.”

महाराजांचे डोळे भरून आले. “बाई, खोटं कसं सांगू? छातीत मुरलेली धूळ निघत नाही. पण इतरांच्या छातीत ती जाऊ नये, हा तुझा हट्ट देवाचाच आहे. तो सोडू नकोस. उद्या मी येतो.”

सकाळी महाराज स्वतः घागर खांद्यावर घेऊन खाणीत उतरले. मल्हारराव म्हणाला, “बुवा, तुम्ही टाळ कुटा! दगडाचं आम्ही बघतो.”

महाराजांनी कातळावर हात ठेवला. “आजपासून हा कोरडा फुटणार नाही.”

आणि काय सांगावे! घणामागून घण पडले, साधा ओरखडा उठेना. चिडून मल्हाररावाने स्वतः घण उचलला. तळहात सोलवटले, कपचीही निघाली नाही. मग दुर्गव्वाने पाणी ओतून एकच घाव घातला. कातळ दुभंगला, धुळीचा कण उडाला नाही!

मल्हारराव घण टाकून महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराज मागे सरले.

“माझे पाय कशाला धरतोस? माझा श्वास शाबूत आहे. हणमंताकडे जा.”

सगळी खाण त्याच्यामागून निघाली. मल्हाररावाने खाटेशी बसून हणमंताच्या पायांवर डोके ठेवले. हणमंताचे ओठ हलले, पण खोकल्याने शब्द फुटू दिला नाही.

“त्यास्नी बोलवत न्हाई,” दुर्गव्वा म्हणाली. “मी सांगते. पाणी तुम्ही पुरवायचं. खाटेवरल्या माणसाची भाकरी तुम्ही द्यायची. न्हाई तर उद्यापास्नं घण तुमचा तुम्हीच मारा.”

मल्हाररावाने डोके वर न उचलताच हात जोडले. “होय, बाई.”