दोन बोटांवर अख्खा वाघ

"अख्खा वाघ हवा! खऱ्या वाघाएवढा! तसूभरही लहान चालणार नाही!" रणधीरराजांनी मांडीवर थाप मारून फर्मावलं.

हौसाने हातातल्या नव्या धनुष्याकडे पाहिलं. तीन हात लांब आणि जेमतेम दोन बोटं रुंद. त्यावर म्हणे अख्खा वाघ! हत्तीला डबीत बसवा म्हणण्यातलाच प्रकार!

"पण महाराज, काढू कसा? बसलेला, झोपलेला, का..."

"झोपलेला? अगं, मी बाण सोडला त्या क्षणी मला जसा दिसला, तस्सा! दसऱ्याच्या शस्त्रपूजेत हेच धनुष्य मांडणार आहे मी. कळू दे मुलखाला, आम्ही काय शिकार केली ते!"

"आणि नाही जमलं," शेजारून राजांचे मेहुणे फत्तेराव गोड आवाजात म्हणाले, "तर चिंचपाड्याची धामणीची राई मला द्यावी, महाराज. माझ्या नव्या बंगल्याला तुळया हव्यातच. ज्यांना धनुष्य सजवता येत नाही, त्यांना झाडं हवीत कशाला?"

"मंजूर!" राजे म्हणाले.

चिंचपाडा म्हणजे हौसाचं गाव. चिंचपाड्यातलं घर न् घर धनुष्यं करून जगत होतं, आणि धनुष्याला लागायचं धामणीचंच चिवट लाकूड. राई गेली की चूल गेली. फत्तेरावांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते असे गोड बोलत होते.

आता त्या थोर शिकारीची हकिगत ऐका. ढोल-डबे बडवून वाघाला मचाणाकडे पिटाळणाऱ्या हाकाऱ्यांत हौसाही होती, त्यामुळे तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. वाघ मचाणाखालून आरामात पुढे गेला. राजे मचाणाच्या खांबाला मिठी मारून बसले होते. वाघ पलीकडच्या करवंदीच्या जाळीत शिरला, तेव्हा कुठे बाण सुटला आणि थेट पळसाच्या खोडात घुसला. वाघाच्या केसालाही धक्का नाही! पण फत्तेराव ओरडले, "लागला! लागला!" दुसऱ्या दिवशी त्यांनी कोठीतलं वाघाचं जुनं कातडं झटकून दरबारात टांगलं. कसर लागून त्याला भोकं पडली होती. त्यातलंच एक निवडून राजे पाहुण्यांना बाणाचं म्हणून दाखवू लागले. पाहुणेही मोठे सभ्य! उरलेली भोकं कशाची, हे कुणी विचारायचं नाही.

हौसा घरी आली ती तणतणतच. तिचा बाप गोंदा अंगणात बसून धामणीची फांदी तासत होता. ऐकल्या ऐकल्या त्याने कोयता खाली ठेवला.

"पोरी, संपलं सगळं. धनुष्यावर मोठं चित्र टिकत तरी का? दोरी ओढली की लाकूड वाकतं नि रंगाला तडे जातात. म्हणून तर आपण आडवे पट्टेच घालतो. एक पिवळा, एक काळा. राजाला हे कोण सांगणार?"

"कुणी नको सांगायला!" हौसा फणकारली. "पट्टेच घालू. आजवर काय वेगळं केलंय?"

तिने धनुष्याला तेल चोळलं, लाख तापवली आणि पट्टे घालायला बसली. पिवळा, काळा, पिवळा, काळा. निम्म्यावर आली आणि तिचा हात थबकला. तिने धनुष्य लांब धरून पाहिलं आणि एकदम खो खो हसत सुटली. गोंदाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला!

दसऱ्याला दरबार खचाखच भरला. हौसाने धनुष्यावरचं फडकं काढलं. खालच्या न वाकणाऱ्या टोकावर हिरवीगार करवंदीची जाळी रंगवली होती. जाळीतून बाहेर आलं होतं पिवळं-काळं, दोन हात लांब, टोकाला काळंभोर... शेपूट! फक्त शेपूट!

"हा काय चावटपणा?" फत्तेराव कडाडले. "महाराजांनी अख्खा वाघ सांगितला होता!"

"अख्खाच आहे की, साहेब. बाकीचा जाळीत शिरलाय. माप घ्या हवं तर, शेपूट खऱ्या वाघाएवढंच आहे. महाराज म्हणाले, बाण सोडला तेव्हा दिसला तसा काढ. मी हाकाऱ्यांत होते, वाघाच्या मागेच. असाच दिसला!"

"साफ खोटं! वाघ छाती काढून समोरून चालून आला होता!"

"अस्सं?" हौसाने डोळे मोठे केले. "महाराजांना बघूनही तो पळाला नाही म्हणता? महाराजांना घाबरत नाही असा वाघ आहे आपल्या मुलखात? भर दरबारात असं बोलवतं तरी कसं तुम्हाला, साहेब!"

फत्तेराव पागोटं सावरत दोन पावलं मागे सरले. राजे मात्र शेपटाकडे टक लावून बघत होते. ओळखलं होतं त्यांनी! तेवढंच तर पाहिलं होतं!

"बरं," ते खाकरून म्हणाले, "मग त्या जाळीत शिरलेल्या वाघाचं पुढे काय झालं?"

सगळा दरबार कातड्याकडे पाहू लागला. मागे उभ्या गोंदाने डोळे मिटून घेतले.

"आहे की, महाराज!" हौसा म्हणाली. "आमच्या धामणीच्या राईतच असतो. परवा पाहिला, चांगला ठणठणीत आहे. साहेब तुळया तोडायला आले की भेटेलच!"

राजांची मिशी थरथरली, गाल फुगले, आणि मग जो हास्याचा स्फोट झाला, तो काही थांबेना! हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"काय फत्तेराव, कधी निघताय राईकडे?"

"मला... मला सध्या पित्ताचा त्रास आहे, महाराज."

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि धामणीची राई कायमची चिंचपाड्याच्या नावे करून दिली. मग ते मेहुण्यांकडे वळले.

"ते कातडं खाली उतरवा. आणि मिरवणुकीत हे धनुष्य तुम्हीच मिरवायचं. शिकारीची गोष्ट लोक विचारतीलच. ती पण तुम्हीच सांगायची, जशी घडली तश्शी!"