बगळ्याची घाई

नदीला अजून पूल ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. काठावर एक बगळा राही आणि मागच्या बांधाखाली मुंग्यांचं वारूळ होतं. बगळ्याची भाषा मुंग्यांना कळत नसे, म्हणून दोन्ही भाषा येणारी साळुंकी निरोप नेई. वारुळात निरोप सांगून झाला की ती परत येऊन म्हणे, "पोचला!" तोवर बगळा खोळंबून राही.

एकदा तो वैतागला. "साळूताई, तुझी वाट बघण्यात माझे मासे जातात. निरोप ऐकलास की लगेच 'पोचला' म्हण आणि मग खुशाल जा."

"पण बगळोबा, पोचायच्या आधीच?"

"तू कधी चुकतेस का?"

साळुंकीला ते ऐकून बरं वाटलं. तेव्हापासून तसंच सुरू झालं.

एका दुपारी वरच्या अंगाने गढूळ पाण्याचा लोंढा येताना बगळ्याला दिसला. "मुंग्यांना सांग, अंडी घेऊन बांधावर चढा!"

"पोचला!" म्हणत साळुंकी उडाली. वाटेत ससाणा घिरट्या घालत होता, म्हणून ती बाभळीत लपली. इकडे बगळा निश्चिंतपणे मासे टिपत राहिला. ससाणा गेला तेव्हा वारुळाच्या जागी नुसतं पाणी होतं.

साळुंकी परत आली आणि पंख मिटून पाण्याकडे बघत बसली.

"बोल ना," बगळा म्हणाला.

"काय बोलू? बोलायचं ते मी आधीच बोलून गेले होते."

बगळ्याने मान खाली घातली. "मीच बोलायला लावलं होतं."

अजूनही बगळा पाण्यात एका पायावर तासन्‌तास उभा असतो. लोक म्हणतात, ढोंगी आहे, माशांसाठी ध्यान लावलंय. पण कितीदा तरी मासा त्याच्या पायाशी येऊन निघून जातो, आणि त्याची नजर बांधाकडेच असते.