रंगारणीने वाचलेला डाग

खूप खूप वर्षांमागे एका गावात एक विणकर राहत होता. हाताने मोठा गुणी, पण डोक्याने तापट. त्याच्या घरी एक पांढरी मांजर होती. नऊ वर्षं ती मागाशेजारी बसून होती. तिने उंदरांना सुताचा एक धागा म्हणून कुरतडू दिला नाही.

अशा मांजरीने एके दिवशी राणीसाठी विणलेल्या शेल्यावरच लघवी केली! दुसऱ्या दिवशी सुताच्या गुंड्या भिजवल्या, तिसऱ्या दिवशी विणकराचं अंथरूण.

"माजली आहे नुसती!" विणकर खवळला. मग मोठी अक्कल चालवून त्याने तिची पाण्याची वाटीच उचलून ठेवली. पाणीच नाही तर मुतेल कुठून? पण मांजर जास्तच जागोजागी लघवीला बसू लागली.

शेवटी त्याने पोतं काढलं. वाईट खोडीच्या मांजरांना पोत्यात घालून नदीपलीकडच्या रानात सोडायची त्या गावची रीत होती. तिथून एकही मांजर कधी परत आली नव्हती.

मांजरीला पोत्यात घालून आणि डागाळलेला शेला काखेत मारून तो निघाला. वाटेत तो म्हाताऱ्या रंगारणीकडे थांबला. "आजी, हा डाग झाकेल असा गडद रंग द्या."

रंगारणीचे हात कोपरापर्यंत निळे, पण नजर काय लख्ख! तिने शेला उन्हात धरला.

"अरे लेका, हे तर नुसते थेंब आहेत. आणि कडेची ही तांबूस झाक? रक्त आहे हे. सोड बघू तिला."

पोतं उघडताच मांजर कोपऱ्यात जाऊन बसली. कितीतरी वेळ कुंथली, तेव्हा कुठे दोन थेंब आले.

"हिला जळजळ होतेय रे. नेहमीच्या जागी बसली की दुखतं, म्हणून त्या जागेलाच भ्यायली बिचारी. मऊ कापड दिसलं की तिला वाटतं, इथे तरी दुखणार नाही. पाणी पिते ना?"

विणकराची मान खाली गेली. "मीच बंद केलंय."

"मग आधी तिला पाणी पाज आणि वैद्याकडे पळ! शेला थांबेल, ही थांबणार नाही."

विणकर धावत सुटला. वैद्याच्या औषधाने आणि भरपूर पाण्याने पंधरवड्यात मांजर पुन्हा मागाशेजारी येऊन बसली.

विणकराने राणीसाठी नवा शेला विणला. डागाचा शेला मात्र त्याने न रंगवताच मांजरीखाली अंथरला. पुढे रोज सकाळी तिची वाटी भरल्याशिवाय त्याने मागाला हात लावला नाही. गावातली पोत्याची रीतही हळूहळू मोडली. धन्य ती रंगारीण, जिने डागात दुखणं ओळखलं!

तात्पर्य: मुका जीव एकाएकी वेगळं वागू लागला, तर शिक्षेआधी त्याचं दुखणं शोधावं.