फ्लेक्सवाल्याचे दोन राखणदार

एका गावात एक फ्लेक्सवाला होता. त्याचं नाव रंगनाथ. हात मोठा कसबी, पण कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की तो घसा खाकरायचा, मान हलवायचा आणि 'हो' म्हणून मोकळा व्हायचा.

त्याचे फ्लेक्स पाहिले तरी हे कळायचं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो असतात, ही सगळीकडचीच रीत. पण रंगनाथाच्या दुकानात संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी डोकवायचं आणि म्हणायचं, "माझाबी फोटो बसव की." रंगनाथ बसवायचा. एकदा तर शुभेच्छुक इतके झाले की ज्याचा वाढदिवस होता त्याचा चेहरा शर्टाच्या बटणाएवढा उरला. त्याची आई फ्लेक्ससमोर उभी राहून बराच वेळ पोराला शोधत होती. बाकी कुणाची काही तक्रार नव्हती, कारण जो तो आपलाच चेहरा बघण्यात दंग होता.

एक दिवस बातमी आली की शेजारच्या गावातल्या स्टुडिओच्या संगणकात व्हायरस शिरला आणि लग्नांचे सगळे फोटो गेले. रंगनाथाने आधी आपले फोटो उघडून बघितले. ही बातमी आणली होती सरपंचांच्या मेहुण्याने, धनराजने. त्याने लगेच खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हाताने संगणकात एक अँटीव्हायरस टाकून दिला.

"आता हा तुझा राखणदार. दुसऱ्या कुणाचा टाकू नको," धनराज म्हणाला.

"हो," रंगनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दूध संस्थेचे चेअरमन बापूराव आले. बापूरावांचं आणि सरपंचांच्या घराचं जमत नाही, हे गावातल्या गुरांनाही ठाऊक होतं. बापूरावांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "धनराजचं काय घेऊन बसलास? आमच्या पोरानं शहरातनं भारीतला आणलाय. हा टाक, तो काढ."

"हो," रंगनाथ म्हणाला. त्याने हा टाकला आणि तो काढलाच नाही. मग धनराजला सांगितलं, तुमचाच ठेवलाय. बापूरावांनाही सांगितलं, तुमचाच ठेवलाय. धनराज खूश, बापूराव खूश, रंगनाथही खूश. नाखूश होता तो एकटा संगणक.

रंगनाथाचा एक नेम होता. काम आटोपलं की संगणक नीट बंद करायचा, पडदा काळा झाला की त्याला हात जोडायचे आणि मगच शटर ओढायचं. पूर्वी एकदा घाईत त्याने वायर उपटली होती. तेव्हा आतलं काम गेलं ते गेलंच. चालू ठेवून जावं तर गावातली वीज काही सांगून जात नाही. म्हणून नेम म्हणजे नेम.

पण त्या दिवसापासून संगणक बंदच होईना. पडद्यावर 'बंद होत आहे' अशी अक्षरं यायची, खाली एक चक्र गरगरायचं आणि गरगरतच राहायचं. रंगनाथ स्टुलावर बसून त्या चक्राकडे बघत राहायचा. कधीतरी पडदा काळा व्हायचा, तोवर घरी भाकरी गार झालेली असायची आणि त्याची मुलगी ईश्वरी वाट बघून झोपलेली असायची. रोज सकाळी ती विचारायची, "बाबा, तुम्ही काल आला होता का?" त्याला फार वाईट वाटायचं.

अशात शाळेचं स्नेहसंमेलन आलं. नाटकात ईश्वरीला वाघाचं काम मिळालं. तिने बापाला बजावलं, "तुम्ही पहिल्या रांगेत दिसल्याशिवाय मी डरकाळी फोडणार नाही. मग शेळी मला घाबरणार नाही आणि नाटकाचा विचका होईल."

"हो," रंगनाथ म्हणाला. आयुष्यात इतकं मनापासून तो कधी 'हो' म्हणाला नव्हता.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याने रंगमंचाचा फ्लेक्स वेळेत छापून शाळेत पोचवला आणि संगणक बंद करायला घेतला. चक्र फिरायला लागलं. धनराज चहा पीत दुकानातच बसला होता. बाहेर माणसं नटूनथटून शाळेकडे निघाली होती.

रंगनाथाने तालुक्याच्या सादिकभाईला फोन लावला. सादिकभाई संगणक दुरुस्त करायचा. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "नवीन काय टाकलंस का त्यात?"

रंगनाथाने धनराजकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "काही नाही."

आता डॉक्टरला दुखणं पोटाचं आहे हे सांगितलंच नाही, तर तो गुडघाच तपासणार. सादिकभाई म्हणाला, "'रद्द करा' दाब आणि प्रिंटरची वायर काढ." काढली. पुन्हा बंद करून बघितलं, चक्र तसंच. मग पेनड्राइव्ह काढला, मग माऊस बदलला, मग रंगनाथाने आपल्या मनाने पंखाही बंद केला. चक्राला त्याचं काही नव्हतं. लांबून शाळेचा माईक ऐकू यायला लागला.

तेवढ्यात त्याची बायको उज्ज्वला आली. तिच्या हातात वाघाची शेपटी होती. ईश्वरी घाईत ती घरीच विसरली होती. "निघताय ना? पोरगी पडद्याआडून सारखी खुर्च्या मोजतीय," ती म्हणाली.

रंगनाथाचा हात प्लगकडे गेला.

"उपटू नका," उज्ज्वला म्हणाली. "मागल्या खेपेला जेवण सोडून बसला होता. एक सांगा, ह्यो असा अडायला लागला कधीपासनं?"

 कधीपासून ते रंगनाथाला चांगलं ठाऊक होतं. धनराज खुर्चीत होता. उज्ज्वलाच्या हातात शेपटी होती. रंगनाथाने त्या शेपटीकडे बघितलं आणि त्याचा धीर झाला.

"सादिकभाई, मी खोटं बोललो," तो फोनवर म्हणाला. "दोन अँटीव्हायरस टाकलेत. एक धनराजभाऊंचा, एक बापूरावांचा. दोघांनाबी सांगितलं, तुमचाच ठेवलाय."

धनराजचा कप ओठांशीच थांबला.

फोनमध्ये सादिकभाई मोठ्याने हसला. "अरे, एका दाराला दोन राखणदार. हा म्हणतो, तो हलला की मी हलतो. तोही तेच म्हणतो. मालकाला घरी कोण सोडणार? एक काढ. दोघांतला कुठला अपडेट होत नाही ते बघ, तो काढ."

रंगनाथाने पुन्हा 'रद्द करा' दाबून बघितलं. धनराजचा अँटीव्हायरस आला त्या दिवशी जसा होता, तसाच बसून होता. रंगनाथाने नेहमीसारखा घसा खाकरला. पण या वेळी मान हलवली नाही.

"धनराजभाऊ, तुमचा काढतोय. त्याच दिवशी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

धनराजने कप खाली ठेवला. उज्ज्वलाला वाटलं, आता हा सरपंचांकडे जाणार. पण धनराज खुर्ची घेऊन पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "काढ बाबा. अन् कसा काढायचा ते जरा मला बघू दे. माझ्याबी घरच्यात दोन आहेत, तोबी बंद होत नाही. लाजेनं कुणाला बोललो नाही."

मग तिघंही पडद्यात डोकं घालून बसले. रंगनाथाने 'काढून टाका' दाबलं. तो अँटीव्हायरसही सरळ जाईना. त्याने विचारलं, 'खरंच काढायचं आहे?' रंगनाथाने 'होय' दाबलं. मग त्याने विनवलं, 'तुमचा संगणक असुरक्षित होईल. मला राहू द्या ना. तरीही काढायचं?' एवढ्या गोड बोलण्यापुढे रंगनाथ आजवर कधी टिकला नव्हता. त्याचं बोट माऊसवर अडखळलं.

"वाघ थांबलाय," उज्ज्वला म्हणाली.

रंगनाथाने 'होय' दाबलं. राखणदार गेला. मग त्याने संगणक बंद करायला घेतला. अक्षरं आली, चक्राने जेमतेम एक गिरकी घेतली आणि पडदा काळा झाला. धनराजने टाळी वाजवली. रंगनाथाने हात जोडले, शटर ओढलं आणि शेपटी घेऊन तो शाळेकडे पळत सुटला.

पहिल्या रांगेत एकच खुर्ची मोकळी होती. शेपटी पडद्याआड पोचवून रंगनाथ तिच्यावर टेकतो न टेकतो, तोच खांद्यावर हात पडला. बापूराव होते, सोबत त्यांचे पाहुणे. "रंगनाथ, पाहुण्यांना बसू दे. तू जरा मागं सरक."

रंगनाथाला खरं तर उठायची सवय होती. पाय अर्धे उचललेही गेले. मग तो पुन्हा बसला.

"नाही, बापूराव. आज माझी पोरगी वाघ आहे. मी हितंच बसणार."

बापूरावांनी त्याच्याकडे टक लावून बघितलं. रंगनाथाच्या तोंडून हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. "मग तर मलाबी वाघ बघायला पाहिजे," असं म्हणून ते हसले आणि पाहुण्यांना घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले.

पडदा सरकला. मागे रंगनाथाचाच फ्लेक्स होता, काठोकाठ शुभेच्छुकांनी भरलेला. शाळेचं नाव एका कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं. रंगनाथाने ते बघितलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तेवढ्यात वाघ आला. वाघाने आधी पहिल्या रांगेत बघितलं, बाप दिसला तसा तो गालातल्या गालात हसला आणि मग त्याने अशी डरकाळी फोडली की शेळी नाटकातलं पळायचं विसरून खरोखरच पळाली. सगळी शाळा हसून लोटपोट झाली. रंगनाथ हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

त्यानंतर तो रोज वेळेवर घरी जाऊ लागला. फ्लेक्सवर फोटो वाढवायला कुणी आलं की सांगायचा, "नाही भाऊ, जागा भरली." सुरुवातीला गाव जरा कुरकुरलं. पण पुढच्या वाढदिवसाला त्या आईला आपला पोरगा रस्त्याच्या पलीकडूनच ओळखू आला.

तात्पर्य: जो सगळ्यांनाच 'हो' म्हणत सुटतो, त्याला आपल्या माणसांना दिलेलं 'हो' पाळता येत नाही, म्हणून जिथे 'नाही' म्हणायचं, तिथे ते वेळेवर आणि खरं बोलून म्हणावं.