ओल्या सारवणावरची आनसाबाई

फार मागची गोष्ट. तेव्हा धरण नव्हतं, वीज नव्हती, आणि हिंगणखोऱ्याची वाट फक्त बैलांना ठाऊक होती. भैरोबाच्या जत्रेला गाव देवापुढं नाटक करायचं. खेळ पुरा झाला की मगच पालखी उठायची. खेळ अर्धा राहिला तर पालखी हलायची नाही, आणि ज्याच्यामुळं राहिला त्यानं गाव सोडायचं, अशी रीत.

देवळापुढं मातीचा ओटा होता, त्यावरच नाटक व्हायचं. ओटा सारवायचा बायकांनी, आणि सारवण वाळलं की त्यावर बाईचा पाय पडायचा नाही. म्हणजे शेण कालवायचं बायकांनी आणि मिरवायचं बाप्यांनी. राणीचं कामसुद्धा बाप्याच करायचा. त्यातही अट होती. बाप जिता असताना मिशी काढत नाहीत, म्हणून ज्याचा बाप मेलाय त्यालाच राणी व्हायला मिळायचं.

त्या काळी राणी व्हायचा शिदोजी. त्याचा बाप बैलबाजाराला गेला तो परतलाच नव्हता. गावानं वाट बघून बघून त्याचं दिवसकार्य उरकलं, शिदोजीनं मिशी उतरवली, आणि तेव्हापासून जत्रेची राणी तोच. मग एका जत्रेला, भर दुपारी, शिदोजी लुगडं नेसून गालाला रंग लावत बसला होता, आणि वेशीतून बाप चालत आला. हातात नवी काठी, तब्येत ठणठणीत.

बापानं पोराला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"काय रं, मी मेलोय व्हय?"

बापानं त्याला लुगड्यासकट घरी नेलं आणि बाहेरून कडी घातली. "मिशी उगवंस्तवर आतच बस म्हनावं," असं सगळ्या आळीला ऐकवलं.

गाव हबकलं. राणीची भाषणं दुसऱ्या कुणाला येत नव्हती. येत होती ती एकट्या आनसाला. आनसा परटाची पोर. देवळातल्या तालमी तिला नदीच्या घाटावर ऐकू यायच्या. धोंड्यावर धुणं आपटता आपटता तिनं सगळी राणी तोंडपाठ केली होती. लुगडी वाळत घालायची आणि त्यांनाच दरबार समजून बोलायची. लोक तिला येडी म्हणायचे. त्या लोकांना तरी कुठं अक्कल होती.

त्या वेळी ती ओटाच सारवत होती. शेणाच्या हातानंच म्हणाली, "पाटील, मी करते राणी."

पाटील हसला. "बाईचा पाय चालत न्हाय वट्यावर."

"मग आत्ता ह्यो कुणाचा हाय? सारवण वलं हाय तवर चालतोय की."

पाटलानं गुरवाकडं बघितलं. गुरवानं मान खाजवली. रीत तशीच होती, नाही कसं म्हणणार.

"बरं," पाटील म्हणाला. "वलं हाय तवर उभी ऱ्हा. वाळलं की आसशील तितनं खाली उतरायचं. खेळ मोडला तर गाव सोडायचं, मग रडायचं न्हाय."

दिवस चैत्राचे. त्या उन्हात सारवण भाकरी भाजून होईतो वाळतं, आणि खेळ सरायला दिवेलागण व्हायची. पाटलाला हे ठाऊक होतं. आनसाला तर त्याहून ठाऊक. काय वाळायला किती वेळ लागतो हे परटाच्या पोरीला कोण शिकवणार? तरी ती उभी राहिली.

खेळ सुरू झाला. दर प्रवेशाला गुरव वाकायचा, ओट्यावर अंगठा दाबायचा आणि सांगायचा, "वलं हाय." राजा लढाईला गेला तोवर कडा पांढऱ्या पडल्या. आनसाला तळपायाखाली खरखर लागली. तिनं आवाज पडू दिला नाही, पण बोटं आखडून घेतली.

ती बोटं पुढं बसलेल्या गंगू कुंभारणीनं बघितली. तिनं हातातला तांब्या ओट्याच्या पायथ्याशी पालथा केला.

"ए, काय करतीस?" पाटील वरडला.

"सांडलं," गंगू म्हणाली.

मग शेजारणीचं सांडलं. मग तिच्या सासूचं सांडलं. बायका नदीवर जायच्या, भरून आणायच्या आणि सांडायच्या. त्या दिवशी हिंगणखोऱ्यात एकीच्याही हातात तांब्या धड राहिला नाही. माती पाणी पीत गेली आणि ओल आनसाच्या पायापर्यंत चढली. पुढं तर नदीच उठून ओट्याखाली येऊन बसली, असं म्हणतात.

दिवे लागले. राणीचं शेवटचं वाक्य आलं. "राजा येईतो मी इथंच उभी आहे." आनसा ते अशी बोलली की पलीकडच्या डोंगरातली गुरं माना वर करून थांबली, असं म्हणतात. गुरवानं अंगठा दाबला, तो पेरभर आत गेला.

"वलं हाय," तो म्हणाला, आणि पालखी उठली. पाटीलही उठला. त्याच्या बुडाखालचं घोंगडं भिजून चिंब झालं होतं.

जत्रेला आलेल्या एका नाटक कंपनीच्या मालकानं हे बघितलं आणि आनसाला बरोबर नेलं. ती आनसाबाई झाली. मोठमोठ्या शहरांत गाजली. पण गावची माती सोबत ठेवायची, आणि पडदा उघडायच्या आधी फळ्यांवर हातभर जागा सारवून त्यावर पाय ठेवायची. एक मॅनेजर म्हणाला, "बाई, हे थेटर आहे, गोठा नाही." ती म्हणाली, "मग राणी तुम्हीच व्हा. मिशी तेवढी काढा." तिचं काम बघून लोक घरी जायचे तेव्हा त्यांचे तळपाय ओले असायचे, असं म्हणतात. जत्रेला मात्र दर वर्षी ती गावी यायची आणि पोरींच्या तालमी घ्यायची. मेली कधी ते कुणाला सांगता येत नाही. ओट्यावर उभी होती आणि मग नव्हती, पावलांचे ठसे तेवढे राहिले, असं म्हणतात.

आता ओटा सिमेंटचा आहे. तरी जत्रेला तो सारवतात. गावातली एक पोर ओल्यावर उभी राहते आणि म्हणते, "मी इथंच उभी आहे." गुरव अंगठा दाबतो. मग गावातली एकेक बाई पुढं येते, पायथ्याशी तांब्या पालथा करते आणि पाटलाच्या वंशजाकडं बघत सांगते, "सांडलं."

त्यानंतरच नाटकाची घंटा होते.